उताण्याची विहीर

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. अक्कास,

सौंदर्याचे शरणार्थ. मी बरी आहे, खोकला गेला. तुझ्या गुडघ्याचं काय? मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की कपाटात तसाच पडलाय? परवा पेठ वडगावला माहेरी जाऊन अव्वाला भेटून आले. तिला डाव्या कानानं आता अजिबात ऐकू येत नाही, पण ते ती कबूल करत नाही. मी काही बोलले की नुसती मान हलवते. निघताना तिनं विचारलं, "लीला काय म्हणती?" मी म्हटलं, बरी आहे. तुझ्याबद्दल मला तेवढंच ठाऊक असतं.

पत्र बघून तुला वाटेल, हिच्याकडं फोन नाही का. आहे. पण फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणते, आणि दोन मिनिटांत आपण ठेवून देतो. सात वर्षं हेच चाललंय. कागद तरी तुला असा मध्येच ठेवून देता येणार नाही. राग आलाच तर चुलीत घालता येईल, ते तुझ्या हातात आहे.

इथं खोलीखालच्या तालमीत सकाळी पाचपासून जोर-बैठका चालतात. फुटबॉलचा हंगाम आहे, त्यामुळे संध्याकाळी गल्लीत नुसता आरडाओरडा. मला तो आवडतो. शांतता असली की मला काम सुचत नाही.

कामाचं सांगते, तुला हसू येईल. वडगावात शाळेमागच्या डबक्यात आपण एक किडा बघायचो, आठवतो? पाठीवर झोपून पोहणारा, नखाएवढा. तू त्याला उताण्या म्हणायचीस आणि अप्पा आले की त्यांनाही दाखवायचीस. त्याच उताण्याचं आम्ही यंत्र केलं. आम्ही म्हणजे मी आणि राजवर्धन. हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, बडबड्या आहे, पण हात सोनाराचे आहेत.

उताण्याचे मागचे दोन पाय वल्ह्यासारखे लांब असतात आणि त्यांना केसांची झालर असते. पाय मागं रेटला की झालर आपोआप पसरते आणि पाण्याला धरते. पाय पुढं आणताना तीच झालर मिटते आणि पाणी अडत नाही. एक रेटा द्यायचा आणि मग कितीतरी वेळ नुसतं घसरत जायचं. पोटाशी हवेचा पातळ थर धरलेला असतो, म्हणून तो चांदीसारखा चमकतो. ताकद जवळजवळ खर्चच करत नाही. पंख्यावर चालणारी यंत्रं पाणी घुसळतात, तळाचा गाळ उडवतात, आणि मग कॅमेऱ्याला काही दिसत नाही. आमचं यंत्र तळहाताएवढं आहे. झालर प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांची, तिला वेगळी मोटार लागत नाही, पाणीच तिला उघडतं आणि मिटवतं. गाळाच्या वीतभर वरून जातं आणि गाळाला पत्ता लागत नाही. विहिरी, टाक्या, पुलांचे पाये तपासायला उपयोग होईल.

त्याचा आणखी एक गुण आम्ही यंत्रात घातलाय. खरा उताण्या पाण्याच्या पृष्ठभागाला खालून लटकून राहतो आणि पायांनी लाटा ओळखतो. वर एखादी माशी पडून तडफडू लागली, की ती थरथर त्याला कळते आणि तो नेमका तिथं जातो. वाऱ्याची लाट कुठली, पानाची कुठली आणि तडफडीची कुठली, हे त्याला बरोबर समजतं. आमच्या यंत्रालाही आम्ही तेवढं शिकवलंय. कॉलेजच्या हौदात कोपऱ्यात हात आपटला की ते येऊन हाताखाली उलटं लटकतं.

आता राजवर्धनला खरी विहीर हवी आहे. खोल, वापरात नसलेली, गाळाची. माझ्या जुन्या प्रबंधात त्यानं तुमच्या ओढ्याकाठच्या विहिरीचे नकाशे बघितले आणि तेव्हापासून तेच धरून बसलाय. मी तीन वेळा नाही म्हणाले. त्यानं कारण विचारलं, ते मला सांगता आलं नाही. म्हणून तुला विचारते. दोन दिवस तिथं काम केलं तर चालेल का? नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. नाही म्हणालीस तर बरंच.

अव्वा म्हणाली, महापुरात दाजी घरातून गेले त्याला येत्या श्रावणात सात वर्षं होतील, म्हणून तुझे दीर कोर्टात अर्ज द्या म्हणतात. माणूस सात वर्षं दिसला नाही की मेलेला धरतात म्हणे. तू काय ठरवलंस ते विचारायचा मला हक्क नाही. नुसतं कळलं, म्हणून लिहिलं.

पट्टा बांधत जा.

तुझी,
सौंदर्या


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, १ मार्च २०२६

ती. सौ. अक्कास,

शरणार्थ. तुझं कार्ड मी जपून ठेवलंय. "पत्र मिळालं. गुडघा हाय तसाच हाय. विहिरीकडं जायचं तर जावा, मला काय त्याचं. गुंडूमामाला सांगितलंय. जेवायला ये म्हणत न्हाय, आलीस तर भाकरी हाय." चार ओळींत तू मला सात वर्षांत बोलली नाहीस तेवढं बोललीस.

भाकरी खाल्ली. वांगंही चांगलं झालं होतं. राजवर्धननं तीन वेळा ठेचा मागून घेतला तेव्हा तू हसलीस, ते मी बघितलं. आणि जेवण झाल्यावर अंगणात गुंडूमामांनी दाजींची मोटारसायकल पुसून किक मारली, दहा मिनिटं तशीच चालू ठेवली आणि बंद केली. राजवर्धननं विचारलं, गाडी कोण चालवतं. मामा म्हणाले, "कोन न्हाय. दर रविवारी चालू करायची. इंजिन धरलं तर मालक आल्यावर काय म्हनंल?" तू तेव्हा आत भांडी घासत होतीस. आवाज थांबला होता.

आता विहिरीचं. तू विचारलं नाहीस, पण तुझी विहीर आहे, तुला सांगायला पाहिजे.

आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पुरानंतर त्या बाजूला कोणी जात नाही हे दिसत होतं. पायऱ्यांवर घाणेरी माजलीय, कठडा एका बाजूनं खचलाय, आणि उत्तरेच्या भिंतीतून ओढ्याचं पाणी आत यायचं तो जुना दगडी बोगदा वरून दिसतसुद्धा नाही. त्याच्या तोंडावरचे दगड ढासळून पाण्यात पडलेत. पाणी हिरवं नव्हतं, काळं होतं, पण स्वच्छ. ऊन सरळ खाली उतरत होतं.

खरे उताणे होते. शेकडो. मी या विहिरीवर चार वर्षं अभ्यास केला, मला त्यांची रीत माहीत आहे. ते विखरून राहतात, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, कोणाचं तोंड इकडं, कोणाचं तिकडं. आज सगळे एकाच दिशेला तोंड करून लटकले होते. उत्तरेच्या भिंतीकडं. मी खडा टाकला. ते पांगले, खाली गेले, आणि थोड्या वेळानं वर येऊन परत तसेच लटकले. सभेला बसल्यासारखे.

राजवर्धन म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या प्रबंधात नाही."

मी म्हटलं, "नाही."

यंत्र पाण्यात सोडलं. त्याला आम्ही विहिरीला कडेकडेनं फेरी मारायला सांगितलं होतं. पाव फेरी मारली आणि ते वळलं. एक रेटा, घसरत जाणं, दुसरा रेटा. सरळ उत्तरेच्या भिंतीपाशी गेलं आणि पाण्याखाली उलटं लटकून राहिलं, हौदात हाताखाली राहायचं तसं. आम्ही त्याला परत आणलं, दुसऱ्या पायरीवरून सोडलं. पुन्हा तिथंच. पाच वेळा सोडलं, पाच वेळा तिथंच.

लॅपटॉपवर थरथरीची रेघ उमटत होती. तीन ठोके, थोडी उसंत, पुन्हा तीन ठोके. राजवर्धनला वाटलं, शेजारच्या शेतात मोटार चालू असेल. गुंडूमामा म्हणाले, "ह्या आठवड्यात लाइट रातची हाय. दिवसा कुटली मोटार?" वारा नव्हता. पिंपळाचं पान हलत नव्हतं. आम्ही तिघं वरून वाकून बघत होतो आणि पाणी काचेसारखं सपाट होतं.

पण यंत्र पाठीवर पोहतं ना, त्याचा एक कॅमेरा वर बघतो. खालून पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, चांदीच्या छतासारखा. त्या छताला बारीक खळगे पडत होते. तीन. मग तीन. कोणी तळहातानं हळूहळू थोपटावं तसे. राजवर्धननं ते बोटांवर मोजलं. गुंडूमामा उठून कठड्यापासून लांब जाऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

मग राजवर्धननं खालचा कॅमेरा चालू केला आणि यंत्र ढासळलेल्या दगडांच्या फटीतून बोगद्यात घातलं. आत गाळ होता. दगड होते. बॅटरी उतरत आली होती, म्हणून परत फिरवलं. बाकी काही दिसलं नाही.

तू दारात विचारलंस, "झालं काम?" मी म्हटलं, "झालं." हे एवढंच.

अक्का, त्या विहिरीवर कोणाला जाऊ देऊ नको. कठडा खचलाय म्हणून सांगते. आम्ही पुन्हा येणार नाही.

तुझी,
सौंदर्या


शिवाजी पेठ, कोल्हापूर
शनिवार, १४ मार्च २०२६

ती. अक्का,

मागच्या दोन्ही पत्रांच्या मायन्यात लिहिलं ते "सौ." आज लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं, पेन तिथंच थांबलं. परवा, गुरुवारी, विहिरीच्या काठावर तुझ्या हातात फौजदारांनी दाजींच्या गळ्यातली ती चांदीची लिंगाची डबी ठेवली आणि तू पदरानं ती पुसलीस, त्यानंतर ते अक्षर लिहिणं माझ्या हाताला जमलं नाही.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. गुंडूमामा उद्या सकाळी बाजाराला कोल्हापुरात येतील, त्यांच्या हातात देईन. त्यांना सांगेन, अक्का एकटी असताना द्या. वाचताना बस. उभ्यानं वाचू नको.

आधी मागच्या पत्रातलं खोटं सांगते. बोगद्यात मला दिसलं होतं. गाळातून वर आलेली, मी उताणे वाढवायचे त्या पिंजऱ्याची लोखंडी चौकट, तिला पितळी बिल्ला, आणि बिल्ल्यावर मी स्वतः खिळ्यानं कोरलेला आकडा. तीन. चौकटीचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. ओढ्याचं पाणी अजून झिरपतं, त्यानं ते दार दगडाला लागत होतं. ठोके त्याचे होते. राजवर्धननं नंतर हिशेब मांडून ते पटवून दिलं. तीनच का, आणि मध्ये उसंत का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

चौकटीच्या पलीकडं जे होतं तेही मला दिसलं होतं. राजवर्धननं विचारलं, "मॅडम, हे काय?" मी म्हटलं, "दगड." आणि लॅपटॉप मिटला. मग तुझ्या घरी येऊन पाणी प्यायले आणि तू विचारलंस तेव्हा "झालं" म्हणाले.

नऊ दिवस मी कॉलेजात शिकवलं. तालमीतला आवाज मला ऐकू येईनासा झाला, त्या जागी दुसराच यायचा. तास घेताना टेबलावर माझी बोटं आपोआप वाजायची आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडं बघायच्या. किती वेळा वाजली ते मी मोजत नव्हते. त्या मोजत होत्या. मंगळवारी एकीनं विचारलं, "मॅडम, तीनदाच का?" तास सोडून मी तशीच कुरुंदवाडची एसटी धरली आणि ठाण्यात जाऊन सांगितलं की विहिरीत माणसाचा सांगाडा आहे. तेवढंच सांगितलं. फौजदारांनी शाबासकी दिली. मी ती घेतली.

गुरुवारचं तू बघितलंसच. पण तू काठावर होतीस आणि मी खालच्या पायरीवर, पाण्यात घोट्यापर्यंत. पाणबुडे उतरण्याआधी फौजदारांना जागा दाखवायची होती म्हणून राजवर्धननं यंत्र सोडलं. आम्हाला वाटलं, जाईल उत्तरेला. ते थोडं तिकडं गेलं, थांबलं, वळलं आणि माझ्याकडं आलं. माझ्या पायांपाशी पाण्याखाली उलटं लटकून राहिलं, पांढरं पोट वर करून. राजवर्धननं उचलून पुन्हा सोडलं. पुन्हा माझ्याकडं.

तू वरून विचारलंस, "ह्ये तिच्याकडंच का येतंय?"

तो बिचारा म्हणाला, "मॅडमचे पाय थरथरतायत, अक्का. त्याच्या लाटा उठतात."

सगळ्यांनी ते ऐकलं. तू एकटीनं माझ्या पायांकडं बघितलंस, आणि बघतच राहिलीस.

मग सगळं वर आलं. पिंजरा, पिंजऱ्याचा दोर, दोरात अडकलेलं ते सगळं. पाणबुडे म्हणाले, पुरात वाहत येऊन अडकला असंल, वरनं दगड आलं असत्याल. दीर रडले. तू रडली नाहीस. डबी मुठीत धरून म्हणालीस, "म्हंजे हे कुटं गेलंच न्हवतं." आणि थोड्या वेळानं, माझ्या तोंडाकडं न बघता पुन्हा पायांकडं बघत विचारलंस, "मग हितं कशाला आलतं?"

सगळ्यांना वाटलं, बाई स्वतःशी बोलते आहे. मला माहीत होतं तू कोणाला विचारलंस.

त्याचं उत्तर देते.

ऑगस्टातल्या त्या सकाळी मी तुमच्याकडं होते. ओढा पात्र सोडून शेतात शिरला होता, पूल बंद व्हायच्या आत मला कोल्हापूरला पोचायचं होतं. दाजी मला गाडीवरून स्टँडला सोडायला निघाले. तू म्हशींना शाळेच्या टेकाडावर न्यायच्या गडबडीत होतीस आणि भडकलीस. "म्हशी दाव्याला बुडाय लागल्यात आन् तुमी मेव्हणीला पोचवाय निगाला. जावा. तिकडंच ऱ्हावा. परत तोंड दावू नगा." एवढं बोललीस. त्या घाईत कोणीही बोललं असतं. पण ते आले नाहीत, आणि गाडी स्टँडजवळच्या उंच ओट्यावर सापडली. चहाच्या गाड्यावरची बनाबाई म्हणाली, मेव्हणीबरोबर एसटीत चढताना बघितलं. मग गावानं ठरवलं की बायकोच्या बोलण्याला कंटाळून माणूस निघून गेला. तूही तेच धरून बसलीस. हळदीकुंकवाला जायचं सोडलंस. तोंड बंद केलंस, नुसतं "हं" म्हणायला लागलीस, कारण आपल्या शब्दांनी काय होतं ते तुला दिसलं होतं.

ते एसटीत चढले होते, अक्का. माझी बॅग वर ठेवायला. बॅग ठेवून खाली उतरले. मी खिडकीत होते. पंधरा मिनिटं गाडी सुटली नाही आणि ते खाली छत्री धरून उभे राहिले, आणि त्या पंधरा मिनिटांत मी बोलले. मी म्हटलं, "दाजी, विहिरीत पिंजरा तीन राहिला. बाकीचे दोन काढले, हा बोगद्याच्या तोंडाशी आहे, मला पोचता आलं नाही. त्यात तीन वर्षं वाढवलेले उताणे आहेत. पाणी चढलं तर सगळं जाईल." मी काढून आणा म्हटलं नाही. सात वर्षं मी या एका गोष्टीला धरून होते, की काढून आणा असं मी म्हटलं नव्हतं. पण मी रडले होते. किड्यांसाठी. त्यांच्यासमोर.

ते म्हणाले, "आगं एवढंच की. आत्ता जातो, काढून वरच्या देवळात ठेवतो. पाटाच्या वाटंनं पायी गेलो तर अर्ध्या तासाचं काम हाय. गाडी हितंच ऱ्हाऊ दे, तिकडं चिखुल हाय."

मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी रेंज गेली, चार दिवसांनी आली. तेव्हा तू फोनवर विचारलंस, "तुज्यासंगं आलं का हे?" मी म्हटलं, नाही, मला बसवून दिलं, पुढं माहीत नाही. त्या क्षणी मला वाटत होतं की ते कुठंतरी छावणीत असतील, येतील, मग कशाला सांगायचं. आठवड्यानं वाटलं, आता सांगितलं तर मीच त्यांना मारल्यासारखं होईल. महिन्यानं वाटलं, गेलेच असतील कुठंतरी, बनाबाई कशाला खोटं बोलेल. मी स्वतः बनाबाईवर विश्वास ठेवला. त्यांना एसटीतून उतरताना मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी. मग उरलेल्या दोन पिंजऱ्यांतल्या किड्यांवर प्रबंध पुरा केला. आभाराच्या पानावर सगळ्यांची नावं आहेत, दाजींचं नाही. त्यावर डॉक्टर झाले. त्याच पायांच्या झालरीवरून हे यंत्र झालं. लोक विचारतात, ही कल्पना कशी सुचली.

पुराची गोष्ट मी कोणाशी बोलले नाही. तुझ्या घरी येणं टाळलं. एकदा संक्रांतीला आले होते, तेव्हा तू गुंडूमामांना गाडीला किक मारायला सांगत होतीस. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी तिळगूळ ठेवून पाच वाजताची गाडी पकडली.

सोमवारी मी ठाण्यात जाऊन हे सगळं जबाबात लिहून देणार आहे. ते म्हणतील हा गुन्हा होत नाही, माणूस आपल्या पायानं गेला. म्हणू देत. गावाला कळलं पाहिजे की तो बायकोवर रुसून गेला नव्हता. चावडीवर वाचून दाखवा म्हटलं तर मी दाखवेन. अव्वाला मी सांगेन, तिच्या उजव्या कानाशी बसून. तू त्यात पडू नको.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलं नाही. तसं मागितलं तर ते आणखी एक घेणं होईल, आणि मी तुझ्याकडून पुष्कळ घेतलंय.

पण एक गोष्ट माझी नव्हतीच. ती तुझी होती आणि ती मी माझ्याजवळ ठेवली. एसटी सुटताना मी खिडकीतून म्हटलं, "दाजी, अक्का लई चिडली होती हो." तेव्हा त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि खिशातून पेढ्याची पुडी काढून दाखवली, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकात गुंडाळलेली. हसत होते. म्हणाले, "चिडली तर चिडली. शाळंत जातो आन् तिच्या म्होरं बसतो. लीला लई येळ रागात ऱ्हात न्हाय माज्यावर. तू बग, सांजच्याला आमी दोगं हसत असू."

ते घरीच येत होते, अक्का.

माती कधी द्यायची ते पोलिसांकडून हाडं मिळाल्यावर ठरेल. त्या दिवशी मी येईन आणि ओढ्याच्या अलीकडं, रस्त्यावर थांबेन. तू मान हलवलीस तर पुढं येईन. नाही हलवलीस तर माती होईपर्यंत तिथंच उभी राहीन आणि परत जाईन.

सौंदर्या